उशाशी सध्या कोणतं पुस्तक आहे?

वहीच्या शेवटच्या पानावर मी दर जानेवारीत वाचायच्या पुस्तकांची यादी करते. यंदा चोवीस नावं होती. काल हिशेब केला: त्यातली वाचून झाली पाच, आणि यादीत नसलेली अकरा. म्हणजे वाचन चालू आहे, यादीच कुठेतरी भरकटलीय. म्हणून तुम्हाला विचारतेय. अलीकडे वाचलेलं एखादंच पुस्तक सांगा, पण जरा बैजवार सांगा. ते हाती कसं लागलं, कुठे अडलात, कुठे पुस्तक मिटून नुसतेच बसून राहिलात. 'छान आहे, जरूर वाचा' एवढ्यावर सुटका नाही. पुढे काय वाचायचं ठरवलंय तेही लिहा. अर्धवट सोडलेल्यांची कबुली दिलीत तर फारच उत्तम.

माझ्यापासून सुरुवात. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. घरची ओढाताण, म्हणून यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने हा भिक्षुक काकांबरोबर उत्तरेकडे निघतो आणि नेमका १८५७च्या धामधुमीत सापडतो. झाशीला वेढा पडतो तेव्हा स्वारी आत शहरात. भीती, चौकसपणा आणि पैशाची काळजी, तिन्ही एकाच माणसात, एकाच वेळी. कमावलेलं वाटेत लुटलं जातं, आणि गेलं त्याचा हिशेबही तो सांगतो. शेवटी घरी आणतो काय, तर आईवडिलांसाठी गंगेची कावड. तिथे मी पुस्तक मिटलं. हे त्यांनी १८८३च्या सुमारास लिहून काढलं. छापून आलं १९०७ मध्ये, चिंतामण विनायक वैद्यांच्या हातून, आणि वैद्यांनी मजकुरावरून हात बराच फिरवला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती १९६६ची. मी वाचली ती वैद्यांची. आता दोन्ही शेजारी ठेवून वाचायच्या, एवढाच बेत.

*

बाबांना आता अक्षरं दिसत नाहीत. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. पन्नास वर्षं रोज वाचणारा माणूस. भिंग आणलं, मोठ्या टायपातली पुस्तकं आणली, टॅबलेटवर अक्षर बोटभर केलं. काही दिवस भागलं, मग तेही थांबलं. तेव्हापासून रात्री नऊ ते साडेनऊ मी वाचते आणि ते ऐकतात.

पहिली दोन पुस्तकं फसली. निवड माझी होती, दोन्ही भारदस्त. पान उलटताना बघावं तर बाबा झोपलेले. मग त्यांनीच 'स्मृतिचित्रे' मागितलं. लक्ष्मीबाई टिळकांचं हे पुस्तक मी शाळेत धड्यापुरतं वाचलेलं. सुरुवातीलाच त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचा कहर आहे, बाहेरून येईल ती वस्तू धुऊन घ्यायची. मला वाचता वाचता हसू फुटलं, पण बाबा माझ्या आधीच हसत होते. पुढचं त्यांना ठाऊक होतं. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले ते प्रकरण आलं तेव्हा मात्र दोघंही गप्प. नवऱ्यावरचा राग, त्याचीच ओढ, लोकांचं बोलणं, आणि हे सगळं ही बाई स्वतःची कीव न करता सांगते. पुढे १९०० मध्ये त्यांनी स्वतःच बाप्तिस्मा घेतला. तिथपर्यंत त्यांचं मन कसकसं वळत गेलं, त्या भागाला आम्हाला बऱ्याच रात्री लागल्या, कारण बाबा मध्येच हात वर करून 'मागचं परत वाच' म्हणायचे.

मोठ्याने वाचायला लागल्यापासून एक कळलंय. नटवलेल्या लांब वाक्यांना माझा दम पुरत नाही, जीभ अडखळते. लक्ष्मीबाईंच्या वाक्यांत अडखळायला झालं नाही. जिथे श्वास घ्यावासा वाटतो तिथेच त्यांचं वाक्य संपलेलं असतं.

पुढचं पुस्तक बाबाच निवडणार. बहुतेक माडगूळकरांचं 'सत्तांतर'. वानरांच्या टोळ्यांची ती गोष्ट त्यांनी मला लहानपणी तोंडी सांगितली होती, आणि मला कितीतरी वर्षं ती त्यांनीच रचलीय असं वाटत होतं.

*

कबुली मागितलीत म्हणून. 'तुंबाडचे खोत' दुसऱ्यांदा सोडलं. दोन खंड, पिढ्यांमागून पिढ्या, आणि मी झोपण्यापूर्वी चार पानं वाचणारा. कोण कुणाचा कोण हेच उद्यापर्यंत विसरतो. पेंडशांचा यात काही दोष नाही. या खेपेला कोऱ्या पानावर वंशावळ काढत काढत जाणार आहे. तिसऱ्यांदा सोडलं तर इथे सांगायला येणार नाही.

*

विश्राम बेडेकरांचं 'रणांगण'. जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालेली प्रत, शिवण उसवलेली, पानं तपकिरी. १९३९ची कादंबरी: युद्ध दाराशी आलेलं, युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली बोट, बोटीवर चक्रधर, आणि हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू. त्यांतलीच हॅर्टा. खरं तर एका बैठकीत संपेल एवढंसं पुस्तक. मला नऊ दिवस लागले, कारण आधीच्या वाचकाने समासात भांडण मांडलंय.

चक्रधर प्रेमाबद्दल काही बोलला की बाजूला पेन्सिलीने 'खोटं'. दोन पानांनी 'पुन्हा खोटं', खाली रेघ. आणि साधारण मध्यावर त्याच वळणाच्या अक्षरात, पण निळ्या शाईने: 'नाही. खरं आहे.' म्हणजे तो माणूस पुन्हा वाचायला आला होता. किती वर्षांनी, मधल्या काळात काय झालं, कोण जाणे. बाई की बुवा तेही कळत नाही. शेवटच्या पानावर शब्द एकही नाही, पेन्सिलीचं टोक टेकवून उचलावं तसा एक ठिपका. काहीतरी लिहायला हात पुढे केला असणार.

पुस्तकात लिहिणाऱ्यांच्या मी सक्त विरोधात होतो. ग्रंथालयाच्या पुस्तकांपुरता अजूनही आहे. पुढचा बेत म्हणजे हीच कादंबरी, पण दुसरी, स्वच्छ प्रत घेऊन. माझं मत कुठलं आणि त्या समासातलं कुठलं, हे मला आत्ता वेगळं काढता येत नाहीये.

*

ऐकलेलं चालतं का इथे? माझं सगळं वाचन सध्या कानाने. मूल नऊ महिन्यांचं आहे, दोन्ही हात कायम गुंतलेले. सुरुवातीला दीडपट वेगाने ऐकायचे, महिन्यात चार पुस्तकं झाली म्हणून खूशही होते. मग एका कादंबरीत एक बाई दार उघडते, समोर कुणीतरी उभं असतं, आणि मला कळेना की या प्रसंगाचं एवढं काय. मागे जाऊन मूळ वेगाने ऐकलं. वाचणाऱ्याने दार उघडल्यावर चांगली दोन-तीन सेकंदं काहीच म्हटलेलं नव्हतं. ती शांतता मी दीडपटीने उडवून लावली होती! आता महिन्याला दोनच होतात. आणि हो, 'ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे' असं सांगायला येणाऱ्यांनी आधी बाळ धरायला यावं.

*

ताई, शंभर टक्के चालतं. वरच्या बाबांनाही विचारा.

माझं पुस्तक मुलीमुळे वाचलं गेलं. 'पाडस', राम पटवर्धनांनी केलेला मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या १९३८च्या कादंबरीचा अनुवाद. फ्लोरिडाच्या रानातलं एकाकी घर, ज्योडी नावाचा मुलगा आणि त्याने पाळलेलं हरणाचं पिल्लू. मी कॉलेजात असताना वाचलं होतं आणि मुलगी अकरा वर्षांची झाली की द्यायचं असं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. दिलं. ती रोज रात्री येऊन पिल्लाची खबर सांगायची: आज त्याने हे केलं, आज ते. मी 'हो का' म्हणायचो. पिकात तोंड घालायला लागलं तिथपर्यंत आली तेव्हा मला खरं तर पुस्तक काढून घ्यावंसं वाटलं. नाही घेतलं.

संपवून आली ती रडली नाही. दारात उभी राहून एवढंच विचारलं, 'तुला आधीपासून माहीत होतं ना?' दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पुस्तक ठेवलेलं, आणि वर चिठ्ठी: 'आता तू परत वाच.' वाचलं. पूर्वी मला ज्योडीचं वाईट वाटलं होतं, या वेळी त्याच्या बापाचं. पुढचं पुस्तक तीच निवडणार आहे, आणि शेवट मला आधी सांगणार नाही म्हणाली.

*

कृष्णात खोतांचं 'रिंगाण'. साहित्य अकादमी मिळालं (२०२३) म्हणून आणलं आणि तसंच पडून होतं. धरणामुळे उठलेली माणसं, मागे राहिलेली जनावरं, आणि माणसांशिवाय ती जनावरं कशी बदलत जातात ते. पहिली तीस पानं बोलीच्या अंगाने माझी फरफट झाली, प्रमाणभाषेत वाढलेल्याची होते तशी. पुढे शब्दाचा अर्थ शोधत बसणं सोडलं तेव्हा कुठे लय सापडली. म्हशीकडे मी इतकं लक्ष देऊन कधी पाहिलं नव्हतं. यानंतर आनंद यादवांचा 'गोतावळा' काढलाय. शेतात ट्रॅक्टर येतो आणि जनावरं उठतात, तिथे. एकामागोमाग एक वाचायला हरकत नसावी, छातीवर दडपण येईल एवढंच.

*

यादीचं म्हणाल तर मी एकाच पुस्तकाची यादी करून पाहिली. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र', १९५६चं. बारा महिन्यांवर बारा लेख. ठरवलं, ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचायचा, पुढचं पान उलटायचं नाही. चैत्र, वैशाख पाळला. ज्येष्ठात एका संध्याकाळी दिवे गेले, हातात टॉर्च आणि हेच पुस्तक, आणि आषाढ, श्रावण, भाद्रपद एका दमात गिळले. काय करणार. पण एक फायदा झाला. खिडकीबाहेरच्या झाडाला मी आजवर नुसतं 'झाड' म्हणत होतो. ते करंजाचं आहे हे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी शोधून काढलं. उरलेले सहा महिने आता नियमाने. निदान आश्विन तरी.

*

करंजवाले दादा, माझ्याही यादीत तुमची बारा पानं चढली. 'रणांगण' घरात होतं, आज काढलं. समास कोरा आहे, जरा निराशाच झाली. पोतदारांची आवृत्ती ग्रंथालयात मिळाली. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा. त्याखाली आज माझा पडला. बाकीच्यांनी लिहीत राहा, चोविसाची यादी मी आत्ताच खोडलीय.