बाबांसाठी फिस्टुला: कुठल्या हाताला, केव्हा आणि सर्जनला काय विचारावं?

रानजाई:
बाबा ६४ वर्षांचे, मधुमेह जुना, ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा) १६. डायलिसिस अजून सुरू नाही. नेफ्रॉलॉजिस्टनी (किडनीच्या डॉक्टरांनी) फिस्टुला, म्हणजे डायलिसिसची सुई टोचता यावी म्हणून हातातली शीर धमनीला जोडायचं ऑपरेशन, करून घ्या म्हणून सांगितलंय. बाबा उजव्या हाताने सगळं करतात. घाई करावी का? सर्जन कसा निवडायचा?

टूर्निके:
घाई नाही, पण चालढकलही नको. शीर सुई टोचण्याजोगी व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, आणि पहिला फिस्टुला फसला तर दुसऱ्यासाठी वेळ हाताशी हवा. नाहीतर मानेत कॅथेटर (नळी) घालायची वेळ येते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

बाबा उजव्या हाताने सगळं करतात, म्हणजे फिस्टुला शक्यतो डाव्याला. म्हणून आजपासून एक करा: डाव्या हातातून रक्त काढू द्यायचं नाही, सलाइन लावू द्यायचं नाही. लॅबवाला कोपरातली ठसठशीत शीर बघून तिथेच सुई घालतो आणि नेमकी कामाची शीर खराब होते. रक्त द्यायचंच असेल तर उजव्या हाताच्या पंजाच्या मागच्या शिरेतून.

डॉपलरवाला:
आधी दोन्ही हातांचं व्हेन मॅपिंग, म्हणजे डॉपलर सोनोग्राफीने शिरा-धमन्या मोजणं. दंडाला पट्टा बांधून शीर निदान २ मिमी भरली पाहिजे, धमनीही तेवढीच. रिपोर्टमध्ये नुसतं 'नॉर्मल' नको. मनगट, कोपर आणि दंड इथले आकडे, शिरेची खोली आणि धमनीत कॅल्शियम आहे का, हे लिहून मागा. पूर्वी गळ्याखालून कॅथेटर किंवा पेसमेकर बसवला असेल तर त्या बाजूची मोठी शीर अरुंद झालेली असू शकते, तेही सांगा.

रानजाई:
मनगटाला की कोपराला?

टूर्निके:
मनगटाला. तो बंद पडला तरी वर कोपर शिल्लक राहतं.

डॉपलरवाला:
तत्त्व बरोबर, पण जुन्या मधुमेहात मनगटाची धमनी चुन्याने कडक झालेली असते. तिथला जोड कागदावर छान, प्रत्यक्षात शीर फुगतच नाही. अशा वेळी थेट कोपराला केलेला बरा. मात्र तिथे प्रवाह जास्त, त्यामुळे बोटांचं रक्त पळवलं जातं. बोटं गार, पांढरी पडली किंवा डायलिसिस चालू असताना दुखू लागली तर लगेच दाखवा. निर्णय मॅपिंगचे आकडे बघूनच.

निळी_शीर:
सर्जनला तीन प्रश्न विचारा: महिन्याला किती फिस्टुला करता, न फुगलेल्या फिस्टुलाचं बलून (फुग्याने अरुंद शीर रुंद करणं) कोण करतं, आणि तो रात्री बंद पडला तर फोन कोण उचलतं? तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे जा. गुठळी झाली तर पहिल्या २४-४८ तासांत ती काढून फिस्टुला वाचवता येतो, नंतर अवघड.

ऑपरेशननंतर त्या हाताला बीपीचा पट्टा, घट्ट बांगडी-घड्याळ, पिशवी, हात उशाशी घेऊन झोपणं, सगळं बंद. जोडावर बोट ठेवलं की मोबाईल व्हायब्रेट होतो तशी थरथर लागली पाहिजे, सकाळ-संध्याकाळ बघायची. थरथर जाऊन नुसता ठोका लागला तर पुढे अडथळा आहे असं समजा. थरथर आणि ठोका दोन्ही गायब असतील तर त्याच दिवशी हॉस्पिटल. शेकत, चोळत बसू नका. बीपी फार खाली गेल्यानेही फिस्टुला बंद पडतो. चेंडू दाबायचा व्यायाम जखम भरल्यावर, सर्जनना विचारूनच.

डॉपलरवाला:
सहा आठवड्यांनी पुन्हा डॉपलर. शीर ६ मिमी रुंद, कातडीपासून ६ मिमीच्या आत, प्रवाह मिनिटाला ६०० मिली. शीर फुगली नसेल तर बहुतेक वेळा दोनच कारणं: जोडालगत अरुंदपणा, त्याला बलून, किंवा शिरेचे आडफाटे रक्त पळवतात, ते बांधावे लागतात. 'होईल हळूहळू' म्हणून चार महिने थांबवत असतील तर ऐकू नका.

टूर्निके:
सुरुवातीला बारीक, म्हणजे १७ गेजची सुई आणि पंपाचा वेग कमी ठेवायला सांगा. दर वेळी जागा बदलायला लावा. टेक्निशियनला सोप्या जागी टोचायची सवय असते, त्याने तिथे फुगा येतो. फुग्यावरची कातडी पातळ, चकचकीत झाली किंवा खपली काळी पडली तर तो कधीही फुटू शकतो. फुटला तर हात वर, दोन बोटांनी नेमक्या भोकावर दाब आणि १०८. टॉवेल गुंडाळू नका, आत रक्त वाहतच राहतं.

रानजाई:
मॅपिंगची वेळ घेतली. बाबांच्या डाव्या हातावर पेनाने 'सुई नको' लिहून ठेवलंय.