कॅमेऱ्याआधी बोळातला दिवा बघा
सोसायटीत चोऱ्या होतात म्हणून गेटवर अजून चार सीसीटीव्ही लावले की त्या थांबतील असं काही जण म्हणतात, मला नाही पटत. आमच्या भांडुपच्या चाळीत कॅमेरे होतेच की, तरी मागच्या बोळातून दोन बाईक चोरीला गेल्या, फुटेजमध्ये दिसलं काय तर हेल्मेट. मग बोळातला बंद दिवा चालू करून घेतला आणि दूधवाला, इस्त्रीवाला यांनाच विचारायला लागलो कोण कुठे रेंगाळतं ते, त्यांना सेक्रेटरीपेक्षा जास्त माहीत असतं.

आणि पोलिसांशी ओळख काही घडायच्या आधीच लागते. भिवंडीत १९८८ च्या सुमारास डीसीपी (पोलीस उपायुक्त) सुरेश खोपडेंनी मोहल्ला कमिट्या काढल्या, पोलीस नि हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजातले साधे लोक एकत्र बसायचे, ९२-९३ ला मुंबई पेटली पण एवढी दंगलींसाठी बदनाम भिवंडी शांत राहिली.