मदत हवी आहे : एमएच १२ गाडी इंदूरला आणली, विम्याचे नूतनीकरण कोणत्या क्रमांकावर करावे?

पुण्यात २०२१ साली नोंदवलेली माझी ११९७ सीसीची पेट्रोल कार दहा महिन्यांपासून इंदूरच्या राजेंद्रनगरात आहे. परराज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीला मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४७ नुसार तिथला क्रमांक घ्यावा लागतो, म्हणून पुण्याच्या आरटीओकडून ना-हरकत प्रमाणपत्र आणले आहे. गाडीवर कर्ज नाही आणि बीएच मालिकेच्या (राज्य बदलले तरी चालणाऱ्या) क्रमांकासाठी मी पात्र नाही.

अडचण विम्याची आहे. थर्ड पार्टीचा हप्ता देशभर सारखाच असतो. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात, कारण विम्याच्या दरांसाठी पुणे ‘अ’ विभागात आणि इंदूर कमी हप्त्याच्या ‘ब’ विभागात मोडते. पॉलिसी येत्या १८ तारखेला संपते आणि एमपी ०९ क्रमांक त्याआधी हाती पडेल असे दिसत नाही. कंपनीच्या हेल्पलाइनवर सांगितले, की जुन्याच क्रमांकावर नूतनीकरण करून नंतर एन्डोर्समेंट (पॉलिसीत बदलाची नोंद) घ्या; एजंट म्हणतो, की इंदूरचा पत्ता आत्ताच नोंदवला नाही, तर दावा अडकेल. लेखी द्यायला मात्र दोघेही तयार नाहीत (तोंडी सल्ला देताना दोघांचाही आत्मविश्वास दांडगा होता). खंड पडू देणे शक्य नाही, कारण रोज गाडी चालवावी लागते आणि ४५ टक्के नो-क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) टिकवायचा आहे.

ज्यांनी अलीकडे महाराष्ट्रातली गाडी इंदूरला नोंदवली, त्यांनी कृपया सांगावे : जुन्या क्रमांकावर, पण इंदूरच्या पत्त्याने नूतनीकरण झाले का, आणि नवा क्रमांक मिळाल्यावर विभाग बदलून हप्त्यातला फरक परत मिळाला का?