मदत हवी आहे: इसबाचं औषध लागू पडतंय की नाही, घरी कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. मुलगा सहा वर्षांचा. कोपरांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांमागे आणि मानेवर इसब आहे (अटॉपिक डर्मटायटिस). आम्ही नाशिकचे, इथली थंडी पडली की विचारायला नको. स्किनच्या डॉक्टरांनी सौम्य स्टिरॉइडचं मलम आणि भरपूर मॉइश्चरायझर दिलंय. चार आठवडे झाले.

घरात तीन मतं आहेत. नवरा म्हणतो काही फरक नाही, काळे डाग जसेच्या तसे आहेत. सासूबाई म्हणतात, मलमाने रोग आत दबतोय. मला वाटतं फरक आहे, कारण सकाळी चादर झटकताना पूर्वीइतका कोंडा पडत नाही. पण हे डॉक्टरांना काय सांगणार? त्यांनी "कसं आहे आता?" विचारलं की मी "बरं आहे" म्हणून मोकळी होते. त्यात तपासणीच्या दिवशी कातडी नेमकी शहाण्यासारखी वागते!

रात्री अजून खाजवतो. हातात मोजे घालून झोपवते, तरी अंधारात ती खरखर ऐकू येते. तुम्ही फरक कशावरून ठरवता? आणि कृपया तेलं-काढे सुचवू नका, ते सगळं झालंय.

— दहीपोहे

उंबरठा: मी स्वतः पंचवीस वर्षांची इसबवाली. आधी डागांचं सांगते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर इसब विझला तरी डाग महिनोन् महिने राहतो. तो विझलेल्या चुलीतली राख समजा. जाळ आहे का ते बोटांनी बघायचं: डोळे मिटून हात फिरवा. खरबरीत, जाड लागतंय का? गरम लागतंय का? आपल्याकडे लाली नीट दिसत नाही, चट्टा जांभळट किंवा राखाडी दिसतो, त्यामुळे नुसत्या फोटोवर भिस्त ठेवू नका.

आता आकडा. 'पोएम' नावाची प्रश्नावली आहे, इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला तयार झालेली. मागच्या आठवड्यात किती दिवस खाज, झोपमोड, रक्त, लस पाझरणं, भेगा, पापुद्रे आणि कोरडेपणा होता, असे 7 प्रश्न. एकही दिवस नाही तर 0, एक-दोन दिवस 1, तीन-चार 2, पाच-सहा 3, रोज असेल तर 4. बेरीज 28 पर्यंत जाते. 8 ते 16 म्हणजे मध्यम, 17 पासून तीव्र. दर रविवारी भरायची. एक-दोन गुणांचं वरखाली मनावर घेऊ नका. 3-4 गुण उतरले तर खरा फरक समजायचा. लहान मुलांसाठी आईवडिलांनी भरली तरी चालते.

ताकभात: मलम किती लावता? आमच्याकडे "औषध लागत नाही" म्हणत होतो, पण दोन महिन्यांत एक ट्यूब संपली नव्हती! मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती मोठ्यांच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. सासूबाईंना सांगा, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं लावलं की काही आत दबत नाही. भीती बाळगायची ती दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या मिश्र मलमांची. आणि हेही लिहून ठेवा: मलम थांबवल्यावर किती दिवसांनी परत उठतं. चारच दिवसांत की महिन्याने, हे डॉक्टरांना उपयोगी पडतं. पिवळी खपली धरली, पू आला किंवा ताप आला तर मात्र आकडे मोजत बसू नका, लगेच दाखवा.

दहीपोहे: दोघींचे आभार. आजच भरलं. खाज 4, झोप 3, रक्त 0, लस 0, भेगा 1, पापुद्रे 2, कोरडेपणा 4. एकूण 14. चार आठवड्यांपूर्वीचा आकडा नाही याची चुटपुट लागलीय. नवऱ्याला डोळे मिटून हात फिरवायला लावला, तर म्हणाला, "मान मऊ आहे की गं." कोपर मात्र अजून खरबरीतच. मलमाचं विचाराल तर मी हरभऱ्याएवढं घेऊन दोन्ही कोपरांना पुरवत होते.

एक शंका: रक्त मोज्यांमुळेच येत नसणार. मग ते शून्य खरं धरायचं का?

उंबरठा: शून्यच लिहा, झालं तेच मांडायचं. शेजारी "मोजे घातले" एवढं लिहून ठेवा. झोपेचे 3 आहेत ना, आधी त्यांच्याकडे बघा. आणि डॉक्टरांनी "कसं आहे?" विचारलं की "बरं आहे" म्हणू नका, कागद पुढे करा.