सिंहगड चढताना भरपूर पाणी पिऊनही डोकं का दुखतं?

प्रश्न: एप्रिल-मेमध्ये आतकरवाडीहून सिंहगड चढताना तीन-चार लिटर साधं पाणी पिऊनही मळमळ, डोकेदुखी कशामुळे होते? मग प्यावं तरी काय?

उत्तर १: लिटरभर घामातून साधारण १ ते ३ ग्रॅम मीठही जातं. ते भरून न काढता नुसतं पाणी ढोसलं, तर रक्तातलं सोडियम (मिठातला घटक) पातळ होतं. त्यात श्रमांमुळे एडीएच हे संप्रेरक स्रवत राहतं आणि मूत्रपिंडं जादा पाणी बाहेर टाकत नाहीत. पेशी फुगतात, कवटीत जागा नसल्याने पहिला त्रास मेंदूला. चढण्याआधी आणि उतरल्यावर वजन करा. वाढलं, तर पाणी जास्त झालं. २ टक्क्यांहून जास्त घटलं, तर कमी पडलं. तहान लागेल तसं प्या, घड्याळ लावून नको.

उत्तर २: लिटरभर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. साखर चवीपुरती नाही हं! आतड्यात साखरेतल्या ग्लुकोजच्या जोडीने सोडियम चांगलं शोषलं जातं, मागोमाग पाणी. मीठ अंदाजाने वाढवू नका.

उत्तर ३: वळवाच्या दमट हवेत जास्त जपा. लिटरभर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. दमट हवेत तो नीट वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळून गेलेला काहीच नेत नाही. बोलण्यात गोंधळ, तोल जाणं किंवा आकडी (फिट) आली तर तोंडाने काही देऊ नका. सावलीत आडवं करा, अंग तापलं असेल तर भिजवून वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा.