द लॉस्ट वर्ल्ड : डायनासोर सोडा, माणसं बघा

'द लॉस्ट वर्ल्ड'मधले डायनासोर खोटे दिसतात म्हणून अख्खी मालिकाच टाकाऊ, हे कुणीतरी मांडलेलं मत मला अजिबात पटलं नाही. डायनासोर असलेल्या पठारावर अडकलेल्या संशोधकांची, १९९९ ते २००२ मधली टीव्ही मालिका आहे ती, सिनेमाएवढा पैसा कुठून आणणार? रॅप्टर जातीचे डायनासोर पळताना त्यांचे पाय जमिनीला टेकल्यासारखे वाटत नाहीत, तेवढं मान्य. पण जंगल बघा ना! चित्रीकरण ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचं, त्यामुळे ती गच्च हिरवाई अंगावर येते.

माझा जीव अडकलाय तो त्या जंगलातच वाढलेल्या व्हेरोनिकाच्या झाडावरच्या घरात. दिवसभर जीव मुठीत धरून फिरलेली ही मंडळी संध्याकाळी तिथे परततात, लिफ्ट वर सरकते आणि आपणही सुटकेचा श्वास टाकतो. व्हेरोनिका आणि मोहिमेतली मार्गरीट दोघी आर्थर कॉनन डॉयलच्या १९१२ च्या मूळ कादंबरीत नाहीतच, आणि मला तर याच दोघी सगळ्यात आवडतात. मार्गरीटवर कधी पूर्ण विश्वास टाकता येत नाही, तरी तिची काळजी वाटतेच.

खरा राग आहे तो शेवटाचा. तिसरा सीझन ऐन वादळात, सगळ्यांचे प्राण टांगणीला लावून संपतो आणि चौथा आलाच नाही. ६६ भाग मन लावून बघितलेल्यांवर हा अन्यायच आहे.