रोम-नेपल्स ट्रिप: रोमन लोकांच्या श्रद्धा-अंधश्रद्धा कुठे बघायला मिळतील? सल्ला हवाय

भटकी_मांजर: मंडळी, ऑक्टोबरमधे मी आणि आई रोम, नेपल्सला चाललोय. कलोसियम, फोरम होईलच, पण मला साध्या घरातल्या माणसाचं देवाधर्माचं बघायचंय, देव्हारा, दृष्ट, शाप, शकुन असलं. इ.स.पू. २४९ मधे शकुन बघायच्या पवित्र कोंबड्या दाणे टिपेनात म्हणून रोमन सेनापती क्लॉडियस पुल्करने त्यांना समुद्रात फेकलं, खात नाहीत तर पाणी पिऊ देत म्हणाला, आणि लढाई हरला, हे वाचल्यापासून डोक्यात तेच आहे. काय चुकवू नये?

खाडीपल्याड: नेपल्सजवळ ज्वालामुखीच्या राखेत गाडलेल्या पाँपेईतलं वेट्टींचं घर. बरीच वर्षं बंद होतं, २०२३ ला उघडलं. देव्हारा दर्शनी चौकात नाहीये, आत स्वयंपाकघराच्या बाजूला आहे, गाईडला मुद्दाम सांगा नाहीतर लोक पुढच्या खोल्यांमधली चित्रं बघून परत फिरतात. मधे डोक्यावरून वस्त्र घेतलेला घरधन्याचा रक्षक देव, दोन्हीकडे पेले उंचावलेले लारेस म्हणजे घर राखणारे देव, आणि खाली नैवेद्याकडे सरपटत येणारा दाढीवाला साप. मी त्या सापासमोर कितीतरी वेळ उभी होते. दारातच स्वतःचं लिंग तराजूत तोलणारा प्रायापस देव आहे, तो दृष्टीवरचा उपाय, आईंना आधी कल्पना द्या. तशाच आकाराच्या कांस्याच्या घंटा नेपल्सच्या म्युझियममधे गुप्त कक्षात आहेत, त्या दारात टांगायचे. म्युझियम मंगळवारी बंद असतं. आणि त्याच कक्षात १९३८ ला पाँपेईत सापडलेली भारतीय हस्तिदंती बाई आहे, तिच्यासारखीच मूर्ती आपल्या तेरला मिळालीय, ती बघाच बघा!!

भटकी_मांजर: तेरचं माहीतच नव्हतं, आई त्याच भागातली, खूश होईल. आणि शापाचं?

जुनी_नाणी: रोममधे टर्मिनी स्टेशनसमोर डायोक्लेशियनच्या स्नानगृहांचं म्युझियम. १९९९ ला पार्किंगसाठी खोदताना आन्ना पेरेन्ना देवीचं कारंजं सापडलं, त्यातून निघालेल्या शापपट्ट्या, म्हणजे शाप कोरलेले शिशाचे पत्रे, या म्युझियममधे ठेवल्यात, काही तर दिव्यांच्या आत कोंबलेल्या, शिवाय शिशाच्या डबीत डबी आणि सगळ्यात आत माणसाची छोटी बाहुली. बहुतेक रोम ख्रिश्चन होत असतानाच्या काळातलं आहे, म्हणजे नवा देव आला तरी कुणाचं तरी वाईट व्हावं म्हणून लोक रात्री गुपचूप तिथे येतच असणार, मला हे सगळ्या देवळांपेक्षा जास्त खरं वाटतं. सोमवार टाळा.

थेम्सकाठी: पुढे कधी इंग्लंडला आलात तर बाथ शहर बघा. तिथल्या सुलिस मिनर्व्हा देवीच्या कुंडात साधारण १३० शापपट्ट्या मिळाल्या, बऱ्याचशा चोरांना शाप देणाऱ्या. डोसिलियानस नावाच्या माणसाचा टोपीचा झगा गेला, तर तो देवीला सांगतो की चोर पुरुष असो बाई असो, गुलाम असो वा मोकळा, झगा तुझ्या देवळात आणून देईपर्यंत त्याला झोप आणि मूलबाळ लाभू देऊ नकोस. एका झग्यासाठी! गरिबाचा एकुलता एक असेल तर त्याचा जीव किती तुटला असेल हो.

भटकी_मांजर: मंगळवारी नेपल्सच ठरलं होतं, आता तो पाँपेईचा करते आणि बुधवारी म्युझियम. गुप्त कक्षाला वेगळं तिकीट लागतं का, खाडीपल्याड?

खाडीपल्याड: मी गेले तेव्हा म्युझियमच्या तिकिटातच होतं, तरी आत शिरताना काउंटरवर विचारून घ्या.